उडती मोटार दारीं कां आली नाहीं



उडणारी मोटार केव्हां निघणार, असा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो, आणि विचारणाराच्या मनांत असें असतें कीं ती अद्यापि निघावयाची आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. उडती मोटार बनवून ती लोकांसमोर मांडली गेली त्याला शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. पुढें ती खरोखर उडाली, रस्त्यावरून धांवली, सरकारी तपासणींत उतरली आणि विक्रीसही आली. इतकें सारें होऊनही ती आपल्या दारापुढें उभी नाहीं. तेव्हां खरा प्रश्न ती केव्हां निघणार हा नसून, निघाली असतां ती टिकली कां नाहीं, हा आहे. आणि तो यंत्रशास्त्राइतकाच इतिहासाचा प्रश्न असल्यामुळें माझ्यासारख्या शाळामास्तरानें त्यावर चार शब्द बोलण्यास हरकत नसावी.

विमान म्हटलें कीं आपल्याला प्रथम पुष्पक आठवतें. त्यांत विज्ञान होतें कीं कविकल्पना होती, हा वाद मी येथें उकरूं इच्छीत नाहीं. फक्त एवढें सांगतों कीं ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार नेहमीं दिला जातो, त्याची छाननी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं केली, आणि तो ग्रंथ १९०४ च्या मागें नेतां येत नाहीं व त्यांत वर्णिलेलीं विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा निर्णय दिला. परंतु पुष्पकाच्या कथेंत एक गोष्ट मोठ्या मार्मिकपणानें आलेली आहे. त्याला धांवपट्टी लागत नसे, शिकलेला वैमानिक लागत नसे, आणि बसणारांच्या संख्येची अट नसे. मनांत यावें तेथें तें जाई. माणसाला हवें असतें तें हेंच. नुसतें उडणें नव्हे, तर अंगणांतून उडणें आणि अंगणांत उतरणें.

ह्या इच्छेच्या पाठीमागें लागण्याचा इतिहास बहुतेक सारा अमेरिकेंत घडला. तेथें अंतरें लांब, पेट्रोल स्वस्त, आणि विशेष म्हणजे एका पिढीनें आपल्या डोळ्यांदेखत चैनीची वस्तु नित्याची झालेली पाहिली होती. १९०८ पासून १९२७ पर्यंत हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटीवर गाड्या बाहेर पडल्या. शेतकऱ्याच्या दारापुढें मोटार उभी राहिली. मग आज मोटार, उद्यां विमान, हें अनुमान कोणीही काढावें! ग्लेन कर्टिस हा मूळचा सायकली व मोटारसायकली बनविणारा, नंतर विमानें बनविणारा. त्यानें १९१७ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत ‘ऑटोप्लेन’ नांवाचें यंत्र मांडलें. ॲल्युमिनियमची बंदिस्त गाडी, पुढें चालक, मागें दोन उतारू, डोक्यावर तीन पंखांची उतरंड आणि पाठीमागें हवा ढकलणारा पंखा. लहानसहान उड्यांपलीकडे त्याची मजल गेली नाहीं. एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली आणि तें काम तेथेंच राहिलें.

फोर्डनेंही या बाबतींत हात घालून पाहिला. १९२६ सालीं त्यानें एका माणसाचें चिमुकलें विमान करविलें, आणि तें चालविण्यासाठीं हॅरी ब्रुक्स नांवाचा त्याचा आवडता तरुण वैमानिक नेमला. हा ब्रुक्स १९२८ च्या फेब्रुवारींत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यानजीक समुद्रांत पडला. त्याचा देहही हातीं लागला नाहीं. विमानाचे अवशेष मिळाले तेव्हां इंधनटाकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र लांकडाच्या काडीनें बुजविलेलें आढळलें, असें सांगतात. ओलावा आंत जाऊं नये म्हणून ती काडी घातलेली असावी. मागाहून ती काढावयाची राहिली, आणि इंजिनाला इंधन मिळेनासें झालें. फोर्डनें हा नाद सोडून दिला.

ही काडी मला फार महत्त्वाची वाटते. तीच काडी एखाद्या ‘मॉडेल टी’च्या टाकींत अडकली असती तर काय झालें असतें? गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडती, चालक खालीं उतरून चार शिव्या हासडता, आणि जवळच्या खेड्यांतील लोहाराकडे जाता. मोटार सर्वसामान्य माणसाची झाली ती केवळ स्वस्त झाली म्हणून नव्हे. ती चुकीला क्षमा करते. रस्ता सुचेना, थांबून विचारावें. धुकें पडलें, गाडी झाडाखालीं लावून चहा घ्यावा. विमानाला असें थांबतां येत नाहीं. हवेंत असलेल्या माणसाला उतरणें हा एकच थांबा असतो, आणि तो हवा तेथें मिळतोच असें नाहीं.

हें ओळखूनच १९३३ नंतर एक मोठा सरकारी प्रयत्न झाला. युजीन व्हिडाल हे त्या वर्षीं अमेरिकन सरकारच्या हवाई व्यापार खात्याचे प्रमुख झाले. देश मंदीनें गांजला होता, कारखाने ओस पडले होते. व्हिडाल यांनीं जाहीर केलें कीं सातशें डॉलरांस, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकीं मोटारीच्या किंमतींत, सामान्य माणसाला चालवितां येईल असें निर्धोक विमान करावयाचें. नमुने मागविण्यांत आले. त्यांपैकीं एक विमान १९३६ सालीं व्हिडाल यांनीं आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं देऊन त्याचें चलच्चित्र देशभर दाखविलें. (हाच मुलगा पुढें गोर व्हिडाल ह्या नांवानें कादंबरीकार म्हणून गाजला.) त्याच वर्षीं, २ ऑक्टोबर रोजीं, वॉशिंग्टन शहराच्या मध्यभागीं एका लहानशा बागेंत पिटकेर्न कंपनीचें ‘ऑटोजायरो’ उतरलें. डोक्यावर फिरणारे पंखे असलेलें तें यंत्र. चालकानें पंखे मागें दुमडले, आणि शहरांतील रहदारींतून तें चालवीत नेऊन व्यापार खात्याच्या दारापुढें उभें केलें. याहून उत्तम प्रात्यक्षिक कोणी मागावें? तरीही तें यंत्र विक्रीस कधीं निघालें नाहीं, आणि सातशें डॉलरांचें विमान तर झालेंच नाहीं. मुलगा विमान चालवूं शकतो एवढेंच चित्रांत दिसलें; वादळ आलें असतां, इंजिन थांबलें असतां तो काय करील, हें चित्रांत नव्हतें.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां ह्या आशेला पुन्हां भरती आली. हजारों तरुण विमान चालविण्यास शिकून घरीं परतले होते. १९४५ सालीं न्यूयॉर्कच्या मेसी या प्रचंड दुकानांत, जेथें हातरुमाल आणि स्वयंपाकाचीं भांडीं मिळत, तेथें ‘अर्कूप’ नांवाचें विमान विक्रीस मांडलें होतें. फ्रेड विक या यंत्रज्ञानें तें असें रचलें होतें कीं पायांनीं सुकाणू सांभाळण्याची गरज नाहीं, आणि गिरक्या घेत कोसळण्याचा धोकाही जवळजवळ नाहीं. १९४६ या एका वर्षांत अमेरिकेंत तीस हजारांहून अधिक खासगी विमानें तयार झालीं. पुढच्याच वर्षीं तो आंकडा निम्म्यावर आला. लोकांनीं विमानें घेतलीं, कांहीं महिने हौस फेडली, आणि मग त्यांच्या ध्यानीं आलें कीं हवा वाईट असली कीं घरीं बसावें लागतें, हवा चांगली असली तर विमानतळापर्यंत मोटारीनें जावें लागतें, आणि दुसऱ्या गांवीं उतरल्यावर माळरानावर कोणी तरी न्यावयास येईल म्हणून वाट पाहावी लागते.

या शेवटच्या अडचणींतूनच खरी उडती मोटार जन्मली. रॉबर्ट एडिसन फुल्टन हा गृहस्थ तरुणपणीं, १९३२-३३ मध्यें, मोटारसायकलीवरून लंडनहून टोकिओपर्यंत गेला होता. वाटेंत तो हिंदुस्थानांतूनही गेला, आणि त्या प्रवासावर त्यानें पुस्तक लिहिलें. युद्धकाळांत विमानांतील गोलंदाजांच्या शिक्षणासाठीं त्यानें एक यंत्र काढलें, व तें खपविण्यासाठीं तो स्वतःच्या विमानानें देशभर हिंडूं लागला. विमानतळावर उतरल्यावर वाहन मिळत नाहीं हा अनुभव त्याला रोज येई. त्यानें केलेलें ‘एअरफिबियन’ १९४६ च्या अखेरीस उडालें. पुढचा पंखा हातानें काढावयाचा, पंख व शेपूट सोडवून विमानतळावर ठेवावयाची, आणि उरलेली गाडी घेऊन गांवांत जावयाचें. सारें काम पांच मिनिटांचें. १९५० सालीं चार्ल्स लिंडबर्ग यांनीं स्वतः तें चालवून पाहिलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळालें. अशा जातीच्या यंत्राला मिळालेलें हें पहिलेंच प्रमाणपत्र होय. परंतु तोंवर भांडवल संपत आलें होतें. भांडवलदारांनीं हक्क दुसऱ्या कंपनीस विकले, आणि तिनें तें काम पुढें नेलेंच नाहीं. फुल्टननें नंतर जमिनीवरील माणसाला धांवत्या विमानांत उचलून घेण्याची युक्ति काढली, व ती अमेरिकन हेरखात्यानें वापरली. उडत्या मोटारीपेक्षां माणूस दोरीनें उचलणें अधिक सोपें ठरावें, ही मौजच म्हणावयाची!

कॉन्व्हेअर ही मोठी विमान कंपनी. तिचा विचार निराळा होता. काचतंतूंची हलकी चार आसनी मोटार, तिला स्वतःचें लहान इंजिन, आणि तिच्या छपरावर बसवावयाचे पंख, त्यांना स्वतःचें मोठें इंजिन. पंख विमानतळावर भाड्यानें मिळावयाचे. १,६०,००० गाड्या, प्रत्येकी १,५०० डॉलर, असा हिशेब कागदावर मांडला होता. १८ नोव्हेंबर १९४७ रोजीं चांचणीच्या उड्डाणांत इंधन संपलें आणि चालकाला ओसाड जागीं उतरावें लागलें; तो वांचला, गाडी मोडली. चालकानें मोटारीच्या इंधनाचा कांटा पाहिला होता, तो भरलेला होता. विमानाच्या टाकीचा कांटा वेगळा होता, तो रिकामा होता, असें या अपघातासंबंधीं सांगण्यांत येतें. हा एका माणसाचा गलथानपणा म्हणून सोडून देतां येईल काय? मला तसें वाटत नाहीं. ज्या यंत्राला दोन इंजिनें, दोन टाक्या आणि दोन कांटे आहेत, तें एक यंत्र नसून एकावर एक रचलेलीं दोन यंत्रें आहेत, आणि त्यांची रोजची सांगड घालण्याचें ओझें चालकाच्या डोक्यावर पडतें. कसलेल्या वैमानिकाचें असें झालें, तर सकाळीं घाईघाईनें कचेरीस निघालेल्या कारकुनाचें काय होईल?

या सर्वांत मला मोल्टन टेलर याच्याविषयीं अधिक आदर वाटतो. वॉशिंग्टन राज्यांतील लाँगव्ह्यू गांवचा हा गृहस्थ. १९४६ सालीं फुल्टनची व त्याची गांठ पडली, आणि त्याच्या लक्षांत आलें कीं पंख मागें ठेवून भागणार नाहीं. ते बरोबर नेले पाहिजेत. त्याच्या ‘एरोकार’चे पंख व शेपूट दुमडून त्यांचीच एक दोन चाकांची गाडी होई, व ती मोटारीच्या मागें जोडून ओढीत न्यावयाची. पंखा शेपटीच्या टोकाला, इंजिन गाडींत, आणि दोहोंमध्यें सुमारें दहा फुटांचा फिरता दांडा. इतका लांब दांडा थरथरून मोडावयाचा. त्यावर उपाय म्हणून टेलरनें बारीक पोलादी कणांनीं भरलेली एक जोडणी मध्यें घातली, तिच्यांत ती थरथर जिरून जाई. पहिली ‘एरोकार’ १९४९ सालीं तयार झाली. सरकारी प्रमाणपत्र मिळण्यास १९५६ साल उजाडलें. सात वर्षें! पुढें एका मोठ्या कंपनीनें सांगितलें कीं पांचशें मागण्या आणा, आम्ही कारखाना काढतों. मागण्या जमल्या त्या जेमतेम निम्म्या. पहिली आणि शेवटची मिळून एकंदर सहाच गाड्या झाल्या. त्यांपैकीं एकीचा उपयोग १९६० नंतर कांहीं काळ पोर्टलंड शहराच्या एका नभोवाणी केंद्रानें केला. कशासाठीं? तर खालच्या रस्त्यांवर मोटारींची कोंडी कोठें झाली आहे, हें वरून पाहून श्रोत्यांस सांगण्यासाठीं.

पांचशें गिऱ्हाइकें कां मिळालीं नसावींत? मोटार व विमान यांची प्रकृतीच परस्परविरुद्ध आहे, हें याचें मुख्य कारण. मोटारीनें जमिनीला घट्ट धरून राहावें, धक्का सोसावा, दारें, कमानी, कांचा भक्कम असाव्यात, अशी अपेक्षा असते. विमानांत प्रत्येक पौंड वजन मोजून काढून टाकावें लागतें. मोटारीला लहानसा पोंचा आला तर आपण महिनोगणती तशीच चालवितों. विमानाच्या पंखाला पोंचा आला तर तज्ज्ञानें तपासल्यावांचून तें उडवूं नये. मग जी गाडी बाजारांत उभी करावयाची, जिला दुधाची हातगाडी घासून जाणार, तीच संध्याकाळीं उडवावयाची कशी? १९६६ सालीं अमेरिकेंत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, आणि पुढें धुरासंबंधीं निर्बंध आले. रस्त्यावरच्या गाडीचें वजन कायद्यानेंच वाढत गेलें, आणि टेलरचे नंतरचे प्रयत्न त्यांत अडले. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांत दोन उद्योजकांनीं सोपा मार्ग काढला. बाजारांतील तयार फोर्ड मोटार घेतली, तिला सेस्ना विमानाचे पंख व शेपूट जोडली. ११ सप्टेंबर रोजीं पंखाचा टेकू ज्या ठिकाणीं मोटारीला जोडला होता तेथें तो सुटला, आणि ते दोघेही ठार झाले.

आतांपर्यंत आपण चालकाचाच विचार केला. पण हवेंत जाणारा माणूस कोणाच्या तरी डोक्यावरून जातो. त्या डोक्याचा मालक या कथेंत प्रथम १९४६ सालीं न्यायालयांत आला, म्हणजे ज्या वर्षीं तीस हजार विमानें बाहेर पडलीं त्याच वर्षीं. नॉर्थ कॅरोलिना राज्यांत कॉझबी नांवाच्या शेतकऱ्याचें कोंबड्यांचें खुराडें होतें. युद्धकाळांत शेजारच्या विमानतळावर लष्करी विमानें येऊं लागलीं, तीं त्याच्या घरावरून अवघ्या ६७ फुटांवरून जात. कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटत व मरत; अशा सुमारें दीडशें कोंबड्या मेल्या, घरांतल्या माणसांची झोंप गेली, आणि तो धंदा त्याला सोडावा लागला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दोन गोष्टी एकाच निकालांत सांगितल्या. जमीन ज्याची त्याचेंच वरचें आकाश, हें जुनें सूत्र आतां चालणार नाहीं. नाहीं तर प्रत्येक विमानाला प्रत्येक शेताच्या मालकाची परवानगी काढावी लागेल. परंतु जमिनीला लागून असलेली, मालकाच्या उपभोगांतली हवा त्याचीच आहे, आणि ती हिरावून घेतली तर भरपाई दिली पाहिजे.

हा निकाल मोठ्या विमानांना अनुकूल ठरला, कारण तीं उंचावरून जातात व गांवाबाहेर उतरतात. उडत्या मोटारीला तो प्रतिकूल आहे. तिचें सारें प्रयोजनच घरांच्या मधोमध उतरण्याचें! ज्या थरांत न्यायालयानें कॉझबीचा हक्क मान्य केला, त्याच थरांत तिला रोज वावरावयाचें आहे. धावपट्टी टाळून सरळ वर उठावयाचें म्हणजे यंत्राचा सारा भार हवा खालीं लोटून तोलावा लागतो, आणि इतकी हवा जोरानें लोटली कीं आवाज होतो, धूळ उडते, वाळत घातलेले कपडे उडतात. हेलिकॉप्टर उतरतांना ज्यानें जवळून पाहिलें आहे त्याला हें सांगावयास नको.

हेलिकॉप्टरानें शहराच्या पोटांत उतरण्याचा प्रयोग न्यूयॉर्कमध्यें खरोखर झाला आहे, व उडत्या मोटारीच्या भवितव्याविषयीं बोलणारानें तो विसरूं नये. तेथील पॅन अमेरिकन कंपनीच्या ५९ मजली इमारतीच्या गच्चीवरून १९६५ च्या डिसेंबरांत विमानतळाकडे हेलिकॉप्टरें सुटूं लागलीं. जेथें मोटारीला तासभर लागे, तेथें उतारू थोड्या मिनिटांत पोंचत. १९६८ सालीं ती सोय बंद पडली, १९७७ च्या आरंभीं पुन्हां सुरू झाली. १६ मे १९७७ रोजीं गच्चीवर एक हेलिकॉप्टर उभें होतें, पंखे फिरत होते, उतारू चढत होते. त्याच्या चाकांचा एक आधार आंतून झिजून कमजोर झालेला होता. तो मोडला, यंत्र एका अंगावर कलंडलें, आणि फिरत्या पात्यांखालीं गच्चीवरचे चौघे सांपडून मेले. पात्याचा एक तुकडा कडेवरून खालीं गेला. खालीं रस्त्यानें एक स्त्री चालली होती. ती त्या तुकड्यानें ठार झाली. तिनें तिकीट काढलें नव्हतें. वर हेलिकॉप्टर उभें आहे याची तिला कल्पनाही नसेल. ती गच्ची पुन्हां कधीं उघडली नाहीं, आणि दोन वर्षांनीं ती हवाई कंपनीही बुडाली. मोटारीच्या अपघातांत दरवर्षीं किती तरी पादचारी मरतात, मग या एकीचें एवढें काय, असा युक्तिवाद मीं ऐकला आहे. रस्त्यावरून चालणारा डावीकडे पाहतो, उजवीकडे पाहतो. वर पाहून चालण्याची संवय माणसाला नाहीं, आणि ती लावून घेण्यास त्याला सांगणें न्याय्यही नाहीं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही कल्पना पुन्हां उभी राहिली आहे. या वेळीं तिच्या पाठीशीं बॅटरी आणि गणकयंत्र अशा दोन नव्या गोष्टी आहेत. एका मोठ्या पंख्याऐवजीं विजेवर फिरणारे अनेक लहान पंखे, आणि त्यांचा तोल क्षणोक्षणीं सांभाळणारें यंत्र. चालकाच्या चुकीचा जो जुना रोग, त्यावर हा खरा उपाय होऊं शकेल, असें माझेंही मत आहे. पण बॅटरीचें एक दुखणें आहे. किलोमागें पेट्रोलांत जी ऊर्जा असते ती आजच्या चांगल्या बॅटरीच्या चाळीस-पन्नास पट. विजेचें इंजिन ती अधिक काटकसरीनें वापरतें हें खरें, तरीही अंतर फार राहतें. शिवाय पेट्रोल जळत जातें तसें विमान हलकें होतें. बॅटरी रिकामी झाली तरी तितकीच जड, आणि ती जड बॅटरी घेऊनच शेवटचें, सर्वांत अवघड काम, म्हणजे उतरणें, पार पाडावयाचें असतें.

स्लोव्हाकिया देशांत श्टेफान क्लाइन यांनीं जुन्या वाटेनेंच, पेट्रोलवर चालणारी पंखांची मोटार केली. २८ जून २०२१ रोजीं ती नित्रा गांवाहून ब्रातिस्लाव्हा शहरास ३५ मिनिटांत उडून गेली, उतरल्यावर तिनें सुमारें सव्वादोन मिनिटांत पंख मिटले, आणि ती रस्त्यानें शहरांत शिरली. २०२२ सालीं तेथील सरकारनें तिला प्रमाणपत्र दिलें. पाहण्यासारखी वस्तु आहे ती. परंतु तिलाही धांवपट्टी लागते, चालकाला वैमानिकाचा परवाना लागतो, म्हणजे फुल्टन आणि टेलर जेथें थांबले तेथेंच आपण अधिक देखण्या गाडींत बसून पोंचलों. अमेरिकेंतील टेराफुगिया कंपनीनें २००९ सालीं असेंच यंत्र उडविलें, २०२१ सालीं त्याला उडण्याचें प्रमाणपत्र मिळविलें, आणि त्याच वर्षीं तेथील काम आवरतें घेतलें. विजेवर सरळ वर उठणारीं यंत्रें करणाऱ्या लिलियम व व्होलोकॉप्टर ह्या दोन जर्मन कंपन्यांनीं २०२४ सालीं दिवाळखोरीचे अर्ज केले. यांत अनेकांचा पैसा गेला. नवी विद्या म्हटली कीं पैसा जातोच, हें मान्य. पण दर दहा वर्षांनीं दोनच वर्षांत गाडी दारीं येईल, असें सांगून जो आगाऊ पैसा घेतला जातो, त्याविषयीं सुशिक्षित कुटुंबांनीं तरी सावध असावें.

आपल्याकडेही २०१९ च्या नोव्हेंबरांत मुंबईहून पुणें व शिर्डी येथें जाण्यासाठीं आसनागणिक भाडें घेणारीं हेलिकॉप्टरें सुरू झालीं. तीं कोणासाठीं होतीं हें भाड्यावरूनच कळत होतें. त्याबद्दल मला तक्रार नाहीं. परंतु मुंबईची गर्दी अशा यंत्रांनीं हटेल असें कोणी म्हणूं लागला, तर वर्गांत मुलांना घालीत असें तसलें एक त्रैराशिक त्याला घालावें. गर्दीच्या वेळची एक बारा डब्यांची लोकल तीन हजारांहून अधिक माणसें आणते. दोन माणसें बसतील अशा यंत्रांनीं तेवढीं माणसें आणावयाचीं, तर दीड हजार फेऱ्या हव्यात. एका जागीं दर मिनिटास एक यंत्र उतरलें, एकाही मिनिटाचा खंड पडला नाहीं, पाऊस आला नाहीं, तर ह्या दीड हजार फेऱ्यांना पंचवीस तास लागतील. दिवस संपेल, आणि एका लोकलीचीं माणसें अजून उतरत असतील. उतरण्याच्या जागा वाढवाव्यात म्हटलें, तर गिरगांवांत किंवा दादरांत अशी जागा कोणाच्या गच्चीवर काढणार, आणि त्या गच्चीखालच्या बिऱ्हाडांना विचारणार कोण?

बेटांवर औषध पोंचविणें, डोंगरांतून रोगी आणणें, एका रुग्णालयांतून दुसऱ्यांत मृत्यूनंतर दान दिलेलें हृदय नेणें, अशा कामांत हीं यंत्रें उपयोगी पडतील याविषयीं मला शंका नाहीं. तेथें फेऱ्या थोड्या, गरज मोठी, आणि खालचा माणूसही आवाज आनंदानें सोशील. चीननें मात्र त्याही पुढें पाऊल टाकलें आहे. २०२३ च्या ऑक्टोबरांत तेथील सरकारनें ईहँग कंपनीच्या वैमानिकावांचून उडणाऱ्या यंत्राला प्रमाणपत्र दिलें, आणि २०२५ च्या मार्चमध्यें ग्वांगचौ व हफे या शहरांतील दोन कंपन्यांना तें भाड्यानें चालविण्याचा परवाना मिळाला. सोळा पंखे, विजेची बॅटरी, आंत दोन आसनें, आणि चालकाची जागाच नाहीं. जमिनीवरून दुसरें यंत्र त्याच्यावर नजर ठेवतें, आणि तें आंखून दिलेल्या वाटेनेंच जातें. त्याला चाकें नाहींत, त्यामुळें रस्त्यावर तें एक पाऊलही चालूं शकत नाहीं. बसणाराच्या हातीं कांहीं नाहीं, त्यामुळें मनांत येईल तेथें जातां येत नाहीं. मोटार म्हणावें असें त्यांत कांहीं उरलेलें नाहीं. हवेंतली बस म्हणावी, तर तिकीट काढून बसणार ते दोघेच.